पंधरा मिनिटं आणि पहिला पाय

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. पुढे मोठा माणूस झाल्यावर आठवत बसायला नको.

सरकारी रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात सव्वीस वर्षं खिडकीमागे बसलो. पेन्शनला सहा वर्षं असताना राजीनामा दिला. आज आमची खाजगी गाडी पहिल्यांदा सुटतेय. डबे आठ, सीटा पाचशे बारा. सकाळी सातला इथून निघून साडेबाराला त्या टोकाला, संध्याकाळी परत. माझं कार्ड छापून आलंय: प्रमुख, प्रवासी विश्वास. ऑफिस जुन्या पार्सल गोदामात आहे. पंखा फक्त कंपनीच्या वकिलांच्या दिशेने वळतो.

राजीनाम्यानंतर बायको तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, की नव्वद दिवसांनी गाडी बंद पडली तर काय करणार आहात. मी म्हटलं, तो प्रश्नच उद्भवत नाही. ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, तिथे रिपोर्ट हातात देतानाही असंच म्हणत असावी.

१४ जानेवारी
मीटिंग. मालकीणबाईंनी पंधरा वर्षं बसगाड्या चालवल्या आहेत, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, रुळांचं भाडं रोजचं ठरलेलं, गाडी भरो नाहीतर रिकामी जावो. दोन भागीदार नव्वद दिवस थांबतील. तोवर नफ्याचं तोंड दिसलं नाही, तर भाड्याने आणलेले डबे परत जातील आणि आपणही घरी.

मी उभा राहिलो. म्हटलं, सरकारी गाडीपेक्षा आपलं तिकीट दुप्पट आहे, मग लोकांनी का यावं? तर भरवशासाठी. गाडी पंधरा मिनिटांहून जास्त उशिरा पोहोचली तर तिकिटाचे सगळे पैसे परत. अर्ज नाही, रांग नाही. आपोआप.

वकील म्हणाले, 'पोहोचली' म्हणजे नक्की काय ते लिहावं लागेल. त्यांचं मत, चाकं थांबली की गाडी पोहोचली. मला ते फार कोरडं वाटलं. म्हटलं, वकीलसाहेब, चाकं पोहोचत नाहीत, माणसं पोहोचतात. शेवटचा प्रवासी उतरेल तेव्हा गाडी पोहोचली असं लिहा. ते म्हणाले, एखादे आजोबा अर्धा तास लावतील. शेवटी तडजोड झाली: तिकीट असलेल्या पहिल्या प्रवाशाचा पाय फलाटाला लागेल, त्या क्षणी गाडी पोहोचली.

मालकीणबाईंनी वही मिटली. भारावल्या असाव्यात.

२० जानेवारी
प्रत्येक डब्यात दोन्ही टोकांना मोठी घड्याळं बसवून घेतली. किती उशीर झालाय ते मिनिट-सेकंदासकट लाल आकड्यांत दिसतं. लपवाछपवी नाही. बाहेरून पोस्टर: चाकं नाही, माणसं पोहोचतात.

फलाटावर एका सुपरवायझरला बटण देऊन उभं केलंय. पहिला पाय टेकला की दाबायचं, म्हणजे उशिराचं घड्याळ थांबतं. त्याला दोन दिवस ट्रेनिंग दिलं. कर्मचारी उतरला, दाबायचं नाही. पासवाला पाहुणा उतरला, दाबायचं नाही. फक्त तिकीट. आता तो माणूस झोपेतही चुकणार नाही.

संकल्प: तिसरा चहा बंद. रोज चाळीस मिनिटं चालणे.

२७ जानेवारी
रोज वेळेवर. रोज रिकामी. ऑक्युपन्सी एकतीस टक्के. सहा नंबरच्या डब्यात आज एकटे एक छत्रीवाले गृहस्थ होते. त्यांना विचारलं, गाडी कशी वाटली. म्हणाले, शांत आहे.

लोकांना सवय लागायला वेळ लागतो. चालणे उद्यापासून.

३० जानेवारी, शुक्रवार
घात झाला. गाडी बेचाळीस मिनिटं लेट. मधल्या स्टेशनवर बाजूच्या रुळावर उभी करून ठेवली आणि शेजारून कोळशाची मालगाडी अगदी निवांत गेली. सगळ्यांचे पैसे परत.

कंट्रोलमध्ये कोण बसलं होतं? माझा सख्खा मेहुणा. गाड्या कुठे थांबवायच्या आणि कुठली आधी सोडायची हे तोच ठरवतो. फोन केला. म्हणाला, भाऊजी, आधी सरकारी मेल, मग दूध-भाजीची गाडी, मग कोळसा, मग तुम्ही. या आठवड्यापासून शुक्रवारी कोळसा जास्त आहे. मी विचारलं, नात्याला काही किंमत आहे की नाही. तो म्हणाला, नात्याला सिग्नल नसतो.

संकल्प: मेहुण्याला पुन्हा फोन करायचा नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
आश्चर्य. इतर दिवशी तेच तीस-बत्तीस टक्के, पण आज शुक्रवारी अठ्ठावन्न. गाडी एक्केचाळीस मिनिटं लेट होऊनही एकाचीही तक्रार नाही. उलट उतरताना लोक हसत होते. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की अशी कंपनी बघितली नाही.

यालाच विश्वास म्हणतात. पैसे परत मिळाले म्हणून लोक नाराज झाले नाहीत, जोडले गेले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
शुक्रवार ब्याण्णव टक्के. मालकीणबाईंना आकडा पाठवला. त्यांनी उत्तरात आकडा मागितला, पैशांचा. आज पैसे परत द्यावे लागल्यामुळे तो सध्या शून्य आहे. पण ट्रेंड बघायचा असतो.

घरीही सांगितलं. बायकोने विचारलं, लोक नेमके लेट होणाऱ्या दिवशीच का येतात. म्हटलं, शुक्रवार आहे, लोक गावाला जातात. तिने भांडं आपटलं नाही, नुसतं खाली ठेवलं. पण जरा जास्तच हळू ठेवलं.

३ मार्च
छत्रीवाले गृहस्थ आता रोजचे झालेत. त्यांनी मला आपल्या फोनवरच्या ग्रुपमध्ये घेतलं. नाव: 'सोळावं मिनिट'. चारशे सदस्य. आमच्या गाडीचे चाहते. किती बारीक अभ्यास आहे लोकांचा. कुठल्या दिवशी किती मालगाड्या, कुठे रुळांची दुरुस्ती, सगळं टाकतात.

मीही मागे राहिलो नाही. कंट्रोलकडून आलेलं महिनाभराच्या दुरुस्तीचं वेळापत्रक ग्रुपवर टाकलं. आठवड्यातले पाच दिवस वीस ते पन्नास मिनिटं उशीर संभवतो, असं स्पष्ट लिहिलं. सव्वादोनशे लोकांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. डोळ्यांत पाणी आलं.

१३ मार्च
रोज हाउसफुल. पहिल्यांदाच वेटिंग लिस्ट. सरकारी रेल्वेतला माझा जुना साहेब मुद्दाम बघायला आला आणि डोळे फाडून बघत राहिला. विचारत होता, कसं काय जमवलंत. म्हटलं, माणूस ओळखता आला पाहिजे.

त्यानेही शुक्रवारचं तिकीट काढलं.

१९ मार्च
मालकीणबाईंनी बोलावलं. बसायला सांगितलं नाही. म्हणाल्या, पंधरा दिवस आपण रोज पाचशे माणसं फुकट नेतोय, वर चहा देतोय. तुम्ही खाजगी रेल्वे चालवताय की अन्नछत्र?

मी शांतपणे समजावून सांगितलं, की मागणी सिद्ध झाली आहे, आता फक्त वेळ सांभाळायची. त्या म्हणाल्या, मग योजना आजच बंद करा. वकील म्हणाले, करता येणार नाही. नव्वद दिवस बदल नाही, असं कलम घातलेलं आहे. कोणी घातलं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण पंखा त्यांच्याकडे आणि नजर माझ्याकडे होती.

तिसरा चहा आज घेतला. चौथाही.

२७ मार्च
झोप उडाली आहे. भागीदारांना आता गाडी गुंडाळायची आहे. मालकीणबाईंनी त्यांच्याशी भांडून एक संधी मिळवली. माझ्यासाठी नाही, हेही सांगून टाकलं. अट सोपी: १० एप्रिलच्या शुक्रवारी दोघे भागीदार स्वतः गाडीत बसणार. गाडी पूर्ण भरलेली असली पाहिजे आणि त्या फेरीचे पैसे कंपनीकडेच राहिले पाहिजेत. एकच फेरी. तसं झालं तर आणखी सहा महिने. नाही तर दुसऱ्या दिवशी कुलूप.

घरी सांगितलं. लपवणार होतो, पण जेवताना तोंडून निघालंच. तिने माझ्या पानात आमटी वाढली. मग म्हणाली, एक फेरी ना, होईल. मला तेव्हा फार बरं वाटलं. तिची भीतीही वाटली.

२ एप्रिल
ग्रुपवर अभिमानाने जाहीर केलं, की १० तारखेला गाडी शंभर टक्के वेळेवर पोहोचेल. आनंद होईल अशी अपेक्षा होती.

दुपारी ४.००
एकशे चाळीस तिकिटं रद्द.

संध्याकाळी ६.३०
दोनशे दहा. तोंडचं पाणी पळालं. फोन बंद केला तरी आकडा डोळ्यांसमोर वाढतच राहतो.

३ एप्रिल
विचार केला. काही लोकांना फक्त उशिराचं आकर्षण असावं. सगळे तसे नाहीत. पण गाडी भरणं आवश्यक आहे.

ग्रुपवर लिहिलं: कालचा संदेश घाईत टाकला होता. शुक्रवारी कोळशाची वाहतूक लक्षात घेता उशिराची शक्यता नाकारता येत नाही. यात खोटं काही नाही. शक्यता कुठलीच नाकारता येत नाही.

तासाभरात जवळजवळ सगळी तिकिटं पुन्हा गेली. छत्रीवाल्यांनी खाजगीत विचारलं, की नक्की ना साहेब. मी अंगठा दाखवला. अंगठ्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

७ एप्रिल
मेहुण्याला फोन करायचा नाही हा संकल्प मोडला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, भाऊजी, मालगाडी अडवली तर जाब मला द्यावा लागतो. ठीक आहे. माणसं अशीच कळतात. बायकोला सांगितलं, तुझा भाऊ म्हणजे दगड. ती म्हणाली, बरं.

९ एप्रिल. संध्याकाळ
पाचशे अकरा सीटा भरल्या. एकच उरलेली. तीन नंबरचा डबा, एकतीस, खिडकी. दर पाच मिनिटांनी बघत होतो, कोणी घेईना. शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के. मीच घेतली. पूर्ण भाडं, स्वतःच्या खिशातून, आणि मालकीणबाईंना तसं कळवलं. भागीदारांना गार्डशेजारच्या केबिनमध्ये पासावर बसवायची सोय केली आहे. आता कोणी बोट दाखवून दाखवावं.

शर्टाला इस्त्री केली. दोनदा.

१० एप्रिल, शुक्रवार. सकाळी ७.०० (गाडीत)
सेकंदाला सेकंद सुटली. भागीदार खूश. एकाने विचारलं, इतकी गर्दी आणि इतके आनंदी चेहरे, हे कसं. म्हटलं, विश्वास.

९.१०
एका बारक्या स्टेशनवर उभे. घड्याळ उशीर मोजायला लागलं. तीन मिनिटं. प्रवासी एकमेकांना चॉकलेटं वाटतायत.

९.२८
सुटली. एकवीस मिनिटं लेट. छत्रीवाल्यांनी लांबून मान डोलावली. मीही डोलावली. दुसरं काय करणार?

१०.५५
कोळशाचं स्टेशन आलं. जिथे रोज आम्हाला बाजूला काढतात तेच. खिडकीतून बघतो तर मालगाडी बाजूच्या रुळावर उभी, आणि सिग्नल आम्हाला हिरवा. आम्ही न थांबता गेलो. असं जानेवारीनंतर कधी झालेलं नाही.

११.३०
सतरा मिनिटं.

११.५०
तेरा. रस्ता मोकळा, सिग्नलमागून सिग्नल हिरवे. ड्रायव्हर गाडी नुसती पळवतोय. डब्यात बोलणं बंद झालंय. सगळे लाल आकड्यांकडे बघतायत. एका बाईंनी विचारलं, आज कोळसा कुठे गेला? मी म्हटलं, चौकशी करतो.

१२.२०
दहा मिनिटं. जीव भांड्यात पडला. जिंकलो. भागीदारांपैकी मोठे मला म्हणाले, चांगलं काम आहे. संध्याकाळी घरी जाऊन हे वाक्य जसंच्या तसं सांगायचं.

संध्याकाळी ५.४० (त्या टोकाच्या स्टेशनवर, बाकावर)
लिहून ठेवतो.

बारा चाळीसला फलाटावर थांबलो. घड्याळ: दहा मिनिटं चार सेकंद. दारं उघडली. सुपरवायझर बटणावर बोट ठेवून उभा. भागीदार उतरले. मी दारातूनच हात वर केला. सुपरवायझरने बटण दाबलं नाही. बरोबर आहे, त्यांच्याकडे पास होते. पोरगा माझ्याच हाताखाली तयार झालाय.

मग कोणीच उतरलं नाही.

पाचशे माणसं जागेवर. कोणी पिशवी उचलली नाही, चपला शोधल्या नाहीत. सगळे लाल आकड्यांकडे बघत बसले. अकरा मिनिटं.

मी म्हटलं, मंडळी, आलं स्टेशन. कोणी वर पाहिलं नाही. पहिल्या डब्यात गेलो. एका काकांचा गुडघा धरला होता. एका बाईंचं बाळ झोपलं होतं, त्याला उठवणं बरं नव्हे म्हणाल्या. बाळ टक्क जागं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. दुसऱ्या डब्यात एका तरुणाची बुटाची नाडी सुटली होती. तो ती बांधत होता, मग पुन्हा सोडत होता. बारा मिनिटं.

धावत सगळे डबे फिरलो. सहा नंबरात छत्रीवाले होते. त्यांच्यासमोर अक्षरशः हात जोडले. म्हटलं, तुम्ही तरी उतरा, एक पाय टेकवा नुसता. ते अजिबात रागावले नव्हते. म्हणाले, साहेब, चाकं नाही, माणसं पोहोचतात. आमची अजून पोहोचलेली नाहीत. तुम्हीच अंगठा दाखवला होता.

भागीदार खिडकीतून आत बघत होते. स्वागताला आधीच येऊन थांबलेल्या मालकीणबाई त्यांच्या शेजारी. त्या काहीतरी सांगत होत्या, हाताने माझ्याकडे जोरजोरात खुणा करत होत्या. खाली या, खाली या. मला वाटलं, झाडायला बोलावतायत. म्हणून मुद्दामच वर थांबलो. आत राहून आणखी माणसांची विनवणी करत फिरलो. चौदा मिनिटं. एका आजींचं सामान मी स्वतः उचललं, तर त्यांनी दुसऱ्या बाजूने घट्ट धरून ठेवलं.

पंधरा मिनिटं एक सेकंद. सगळे शांतपणे उठले. धक्काबुक्की नाही, गडबड नाही. मला वाट देत उतरले. तीन-चार जणांनी जाता जाता सर्व्हिसचं कौतुक केलं. आजींनी सामान खाली उतरवून मागितलं. मी उतरवून दिलं.

भागीदार गाडीने परतले नाहीत. मालकीणबाई माझ्याजवळून गेल्या, थांबल्या, आणि तशाच पुढे निघाल्या. त्यांना रागावताना खूप पाहिलंय. आज रागावल्या नाहीत, तेच सहन झालं नाही.

११ एप्रिल, शनिवार. सकाळी ८.००
नव्वद दिवस पूर्ण. गोदामाला कुलूप.

एकूण विचार करता दोष माझा नाही. योजना उत्तमच होती. प्रवाशांची तयारी नव्हती. आणि मेहुण्याने आधीपासूनच

८.४०
वाक्य अर्धं राहिलं, कारण मेहुणा घरी आला. काल मालगाडी अडवली म्हणून त्याला लेखी जाब विचारलाय, पगारवाढ थांबणार. मंगळवारी बायकोनेच त्याला फोन केला होता. मला सांगू नको म्हणाली होती, यांना वाटू दे की आपणच जमवलं. त्याने विचारलं, भाऊजी, मी दहा मिनिटांवर आणून सोडली होती, मग बिनसलं कुठे. मी सगळं सांगितलं. पाय, बटण, आजी, सामान. दोघं ऐकत होते.

सांगून संपवलं तेव्हा बायकोने कालचा शर्ट धुवायला उचलला आणि सवयीने खिसा तपासला. त्यातून कागद निघाला. तिने तो वाचला, रिपोर्ट वाचते तसा, वरपासून खालपर्यंत. डबा तीन, सीट एकतीस, खिडकी. पूर्ण भाडं. मग कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, की तुम्ही स्वतः का नाही उतरलात?

मेहुण्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

८.५५
फोन वाजला. कंपनीच्या मशीनचा संदेश आहे, आपोआप येतो. गाडी उशिरा पोहोचल्याबद्दल दिलगीर आहोत. सीट एकतीसचे पूर्ण पैसे आपल्या खात्यात जमा झाले आहेत.

बायकोला दाखवलं. बरं, म्हणाली.